कॉर्ड धरली, पण तार मुकी का राहते?

रील बघून गिटार घेतली, चार कॉर्ड पाठही झाल्या. पण वाजवताना दोन तारा छान घुमतात, एक खरखरते आणि एक मुकीच राहते. नवशिके मग आणखी जोर लावतात. बोटं दुखतात, आवाज तसाच!

गिटारच्या मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या म्हणजे फ्रेट. दाबलेली तार या पट्टीवर टेकते, तिथून सूर ठरतो. त्यामुळे बोट पट्टीच्या लगेच मागे ठेवलं की कमी जोरातही सूर स्वच्छ येतो, लांब ठेवलं की खरखर. मुकी तार हे वेगळं प्रकरण. तिच्यावर बहुतेकदा शेजारचं बोट आडवं पडलेलं असतं. नखं कापा, बोटाचं टोक उभं ठेवा आणि एकेक तार छेडून ‘आरोपी’ बोट शोधा.

कॉर्ड बदलताना सगळी बोटं उचलायची गरज नसते. ए मायनरवरून सी मेजरवर जाताना फक्त अनामिका हलते: तिसऱ्या तारेच्या दुसऱ्या फ्रेटवरून पाचव्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर. तर्जनी आणि मधलं बोट जागेवरच. मिनिटभराचा टायमर लावून असे किती बदल नीट जमतात ते रोज मोजा. गाण्यात मात्र बोटं चुकली तरी स्ट्रमिंगचा हात थांबवू नका, नाहीतर ताल तुटतो.

अनेकांची गिटार कपाटावर जाते ती एफ कॉर्डमुळे. एका तर्जनीने सहाही तारा दाबायच्या, तेही पहिल्याच फ्रेटवर! तोवर चारच तारांची एफ मेजर सेव्हन वापरा. आणि साध्या कॉर्डनाही फार जोर लागत असेल, तर तारा जास्त उंच आहेत का, हे दुकानात दाखवून घ्या.