अर्थ टेपवर उमटलेला

बीटल्सच्या ‘टुमारो नेव्हर नोज’ या गाण्याचे शब्द नुसते कागदावर वाचले तर फारसे काही हाती लागत नाही. यमक नाही, गोष्ट नाही, ध्रुवपद नाही. शीर्षकातले शब्ददेखील गाण्यात कुठे येत नाहीत. ते ड्रम वाजवणाऱ्या रिंगो स्टारच्या तोंडून गमतीने निघालेले शब्द होते आणि गाण्याला आलेले तत्त्वज्ञानाचे ओझे थोडे हलके व्हावे म्हणून जॉन लेननने ते वर चढवले. मजकूर म्हणाल तर ऐकणाऱ्याला केलेले उपदेश: मनाचा व्यापार थांबव, स्वतःला सोडून दे, शून्याला शरण जा, घाबरू नको. अशी वाक्ये साधनेवरच्या कोणत्याही पुस्तिकेत सापडतील. तरीही १९६६ साली निघालेल्या ‘रिव्हॉल्व्हर’ या अल्बममधले हे शेवटचे, तीन मिनिटांच्या आत संपणारे गाणे रॉक संगीताला नवे वळण देणारे मानले जाते. त्याविषयी लिहिणारे बहुधा एकतर शब्दांचा उगम शोधतात किंवा स्टुडिओतल्या करामतींची वर्णने करतात. मला ही वाटणीच चुकीची वाटते. या गाण्याचे शब्द ‘मी’ विरघळू देण्याविषयी आहेत, आणि ध्वनिमुद्रणातली जवळपास प्रत्येक युक्ती कुणाचा ना कुणाचा ‘मी’ प्रत्यक्ष विरघळवते. म्हणून अर्थ लावायचा तर तो टेपवरूनच लावावा लागतो.

आधी शब्दांचे मूळ पाहू. लेननच्या हाती लंडनच्या इंडिका या पुस्तकांच्या दुकानात एक पुस्तक आले. टिमथी लिअरी, राल्फ मेट्झनर आणि पुढे राम दास या नावाने ओळखले गेलेले रिचर्ड अल्पर्ट यांनी १९६४ साली लिहिलेले हे पुस्तक म्हणजे एलएसडी घेणाऱ्यांसाठीची मार्गदर्शिका होती. तिचा आराखडा मात्र तिबेटी बौद्धांच्या ‘बार्दो थोडोल’ या ग्रंथावर बेतलेला होता. तो ग्रंथ पाश्चात्त्य वाचकांपर्यंत १९२७ साली इंग्रजीतून पोचला. भाषांतर सिक्कीममधले काझी दावा समदुप यांचे आणि संपादन इव्हान्स-वेन्ट्झ यांचे. या ग्रंथाचा वापर कसा होतो हे इथे फार महत्त्वाचे आहे. मरणाऱ्याला आणि मृत्यूनंतरही त्याच्या देहाजवळ बसून तो मोठ्याने वाचून दाखवतात. समोर दिसणाऱ्या भयंकर आकृती तुझ्याच मनाच्या आहेत, बिचकू नको, पुढचा प्रकाश ओळख, असे त्याला सांगत राहतात. म्हणजे हा मजकूर मुळातच कानासाठी आहे. लेननने त्याचे सार उचलताना समोरच्याला उद्देशून बोलण्याची ही रीत कायम ठेवली. गाण्यात ‘मी’ हा शब्द एकदाही येत नाही, आणि तो त्या काळच्या प्रेमगीतांतून वजा केला असता तर मागे फार थोडे उरले असते.

आता संगीत. ६ एप्रिल १९६६ रोजी लंडनच्या अ‍ॅबे रोडवरील ईएमआयच्या स्टुडिओत या गाण्याचे काम सुरू झाले. अल्बमच्या शेवटी असले तरी ‘रिव्हॉल्व्हर’साठी मुद्रित झालेले हे पहिले गाणे, तेव्हा त्याचे तात्पुरते नाव ‘मार्क वन’ होते. पाश्चात्त्य गाणे कॉर्डच्या प्रवासावर उभे असते: एका कॉर्डवरून निघायचे, ताण वाढवायचा, परत घरी यायचे. ऐकणाऱ्याला आपण कुठे आहोत आणि पुढे काय येणार याची जाणीव हा प्रवासच देत असतो. इथे तो प्रवास जवळजवळ काढून टाकला आहे. जॉर्ज हॅरिसनने छेडलेला तंबोरा आणि बास गिटार एकच षड्ज धरून राहतात. कडव्याच्या उत्तरार्धात कोमल निषादावरचा कॉर्ड त्या षड्जावर येतो आणि विरतो, तेवढीच हालचाल. रिंगोचा ठेका तर सुरुवातीपासून शेवटपर्यंत तसाच. त्या दिवशी बीटल्सचा ध्वनिअभियंता म्हणून पहिल्यांदाच बसलेल्या वीस वर्षांच्या जेफ एमरिकने मोठ्या ड्रममध्ये लोकरी स्वेटर कोंबला, ईएमआयचे नियम बाजूला सारून माइक ड्रमच्या अगदी जवळ नेला आणि तो आवाज फेअरचाइल्ड लिमिटरमधून दाबून घेतला. लिमिटर मोठा आवाज आवळतो आणि त्यामागचा बारीक आवाज वर खेचतो. त्यामुळे ड्रम खोलीत कुणी वाजवतो आहे असे न वाटता छातीतच वाजल्यासारखा येतो. कुठून निघालो आणि कुठे चाललो हे सांगणारा आधारच सुरांनी काढून घेतल्यावर, मन थांबव हे सांगणे नुसता उपदेश राहत नाही.

सगळ्यात जास्त काम झाले आहे ते लेननच्या आवाजावर. डोंगरमाथ्यावरून दलाई लामा मंत्र म्हणत आहेत, असा आवाज त्याला हवा होता. पहिल्या भागात त्याच्या गळ्याला एक सावली जोडली आहे. गायकाने तेच गाणे दोनदा गाऊन दोन आवाज एकावर एक चढवण्याची पद्धत जुनी होती, पण कंटाळवाणी. ईएमआयमधल्या केन टाउनसेंड यांनी १९६६च्या त्याच वसंतात यंत्राने ते साधले: मुद्रित आवाज दुसऱ्या टेप यंत्रावर पाठवायचा, त्या यंत्राचा वेग किंचित कमी-जास्त करायचा आणि तो आवाज मूळ आवाजाला परत जोडायचा. काही सहस्रांश सेकंदांच्या फरकामुळे एकाच माणसाचे दोघे होतात. मग मध्ये उलटे वाजणारे गिटार येते. तार छेडल्यावर आधी टोला आणि मग विरत जाणारा नाद हा वाद्याचा स्वाभाविक क्रम. टेप उलटी फिरली की नाद आधी फुगत येतो आणि टोल्याशी तुटतो. बोटांचा ठसा त्यात उरत नाही. त्यानंतर, साधारण दीड मिनिट झाल्यावर लेनन परत येतो तेव्हा त्याचा आवाज ओळखीचा राहिलेला नसतो. हॅमंड ऑर्गनसोबत वापरल्या जाणाऱ्या लेस्ली कपाटात फिरणारा स्पीकर असतो. तो ऐकणाऱ्याकडे तोंड करतो, पाठ करतो, आणि आवाज सतत जवळ येऊन दूर जात असल्याचा भास होतो. एमरिकने गळ्याचा आवाज त्या कपाटातून फिरवून पुन्हा माइकने टिपला. आधी एकाचे दोन, मग वाद्यातून हात गायब, मग गळ्यातून माणूस गायब: हा क्रम कवितेचाच आहे, फक्त तो अक्षरांत लिहिलेला नाही.

७ एप्रिलला टेपचे लूप आले. पॉल मॅकार्टनी त्या काळात स्टॉकहाउझनची इलेक्ट्रॉनिक रचना ऐकत होता आणि घरच्या ब्रेनेल यंत्रावर टेपचे तुकडे गोल जोडून प्रयोग करत होता. पुसणारे हेड निकामी केले की टेपवर आवाजावर आवाज साचत जातो. अशा पाच लूपांत मेलोट्रॉनचे सूर होते, वाद्यवृंदाचा एक कॉर्ड होता, आणि समुद्रपक्ष्यांच्या कलकलाटासारखा आवाज होता, जो खरे तर मॅकार्टनीचे वेग वाढवलेले हसू होते. इमारतीतल्या वेगवेगळ्या यंत्रांवर हे लूप एकाच वेळी फिरत होते, माणसे पेन्सिली घालून ती टेप ताणून धरत होती, आणि मिक्सिंग टेबलावर फेडर वर-खाली करून हवे ते लूप आत घेतले जात होते. त्या वेळी बोटे जशी पडली तसेच गाणे झाले. निर्माते जॉर्ज मार्टिन पुढे म्हणत असत की हे पुन्हा तसेच घडवता येणार नाही. रेकॉर्डच्या सुरुवातीच्या काही मोनो प्रतींवर या गाण्याचे एक वेगळे मिश्रण गेले होते, ते लगेच बदलण्यात आले. दोन्ही शेजारी ठेवून ऐकले तर लूपांचे वजन वेगळे लागते. हे गाणे ‘वाजवणारा’ असा कुणी दाखवता येत नाही. ‘रिव्हॉल्व्हर’ निघाल्यानंतर तीन-चार आठवड्यांतच, २९ ऑगस्टला सॅन फ्रान्सिस्कोत बीटल्सचा शेवटचा जाहीर दौऱ्यातला कार्यक्रम झाला, आणि त्या दौऱ्यात या अल्बममधले एकही गाणे त्यांनी मंचावर घेतले नाही.

यावर पहिला आक्षेप अपेक्षितच आहे: हे नशेतले गाणे आहे, त्यात अर्थ कसला शोधायचा? शब्दांचे पुस्तक एलएसडीचे होते, हे मान्य. पण नशा गाण्याचे निमित्त सांगते, घडण सांगत नाही. टाउनसेंड आणि एमरिक हे ईएमआयचे नोकरदार होते. जॉर्ज मार्टिन तर शिस्तीचे, पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत शिकलेले गृहस्थ. टेप मोजून कापणे आणि दोन यंत्रांचे वेग जुळवणे ही शुद्धीवर असलेल्या माणसांची कामे आहेत. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. आवाज दुप्पट करण्याचे यंत्र लेननला दोनदा गाण्याचा कंटाळा होता म्हणून निघाले, ‘मी’ विरघळवायला नव्हे. ते त्याच अल्बममधल्या इतर गाण्यांतही आहे. हे खरेच आहे. पण साधन कशासाठी निघाले आणि एखाद्या कृतीत त्याने काय केले हे वेगळे प्रश्न आहेत. दुसऱ्या गाण्यांत दुप्पट आवाज गायकाला भरदार करतो. इथे तो पुढच्या पूर्ण लोपाची पहिली पायरी होतो, कारण त्याच्यापाठोपाठ लेस्ली येते.

तिसरा आक्षेप आपल्याकडून येण्यासारखा आहे: तंबोरा घ्यायचा, तिबेटी ग्रंथ घ्यायचा आणि लंडनमध्ये त्याचे अत्तर करून विकायचे. याला मी अर्धे उत्तर देऊ शकतो. रागसंगीत म्हणून हे गाणे ऐकू नये. आपल्याकडे तंबोरा रागाच्या बढतीला जमीन देतो, इथे त्या जमिनीवर बढत होत नाही. मात्र तंबोरा शोभेसाठीही नाही, कॉर्डचा प्रवास सोडून देण्याची किंमत मोजून तो घेतलेला आहे. शिवाय बीटल्स भारतीय वादकांना केवळ पार्श्वभूमीला ठेवत नव्हते: याच अल्बममधल्या ‘लव्ह यू टू’ या गाण्यात तबला वाजवणाऱ्या अनिल भागवत यांचे नाव वेष्टनावर छापले होते, आणि बीटल्सच्या रेकॉर्डवर बाहेरच्या वादकाला असे श्रेय क्वचितच मिळत असे. उरला खुद्द लेनन. तो पुढे म्हणाला की भिक्षूंचा मोठा समुदायच गायला बसवायला हवा होता, मनातले ऐकू आले नाही. माझ्या मते इथे कर्त्याचे म्हणणे मानू नये. भिक्षूंचा जथा आणला असता तर विसर्जनाचे चित्र मिळाले असते. एका ओळखीच्या गळ्याचे डोळ्यादेखत विसर्जन होते ते या टेपवर.

शंका असेल त्यांनी १९९६ साली निघालेल्या ‘अँथॉलॉजी २’मधला या गाण्याचा पहिला टेक ऐकावा. शब्द तेच आहेत, पण एक जड, गढूळ लूप सगळ्यावर पसरलेला आहे, आणि तेच उपदेश तिथे दिलासा देण्याऐवजी गुदमरवतात. त्यानंतर ‘रिव्हॉल्व्हर’मधला, अल्बमसाठी निवडलेला तिसरा टेक लावा, शक्यतो हेडफोनवर, आणि दीड मिनिटाच्या सुमाराला गळा बदलतो तिथे कान द्या. शब्दांचा कागद तोवर बाजूलाच राहू द्या.