घरबसल्या वाईनची पारख

शहरांतील सुशिक्षित कुटुंबांतून एक नवा प्रघात पडूं लागला आहे. संध्याकाळीं ठरल्या वेळीं दहावीस माणसें आपापल्या घरीं संगणकासमोर बसतात. प्रत्येकापुढें त्याच एका वाईनची बाटली असते. आणि दूर कोठें तरी बसलेला जाणता सांगेल त्याप्रमाणें सारे ती हुंगतात, चाखतात व तिचें वर्णन करतात. २०२० सालीं कोरोनाच्या साथीमुळें दारें बंद झालीं, तेव्हां ही चाल जगभर फैलावली. आतां ती जालन्यास आमच्याच वाड्यांत शिरल्यामुळें तिजविषयीं चार शब्द लिहिणें प्राप्त झालें आहे.

प्रथम कायद्याचें. १९४९ च्या दारूबंदी कायद्यान्वयें महाराष्ट्रांत मद्य पिण्यास परवाना लागतो, आणि वाईनसाठीं वयाचीं २१ वर्षें पुरीं व्हावीं लागतात. पडद्यासमोर बसून चाखली म्हणून ही अट सुटत नाहीं. २०२२ च्या जानेवारींत राज्य मंत्रिमंडळानें मोठ्या किराणा दुकानांतून वाईन विकण्यास मान्यता दिली होती. विरोध झाला व तो बेत पुढें सरकला नाहीं. तूरडाळीच्या शेजारीं बाटली मांडली गेली नाहीं हें बरेंच झालें, असें आमचें मत आहे.

पारखण्याची रीत अशी. फिकट वाईन आधीं, तांबडी मागाहून. पेला एकतृतीयांशाहून अधिक भरावयाचा नाहीं. रिकामी जागा वासासाठीं राखलेली असते. पेला देठाशीं धरून गरगर फिरवावा, म्हणजे वास वर येतो. आधीं नाक, मग जीभ. घोट तोंडांत घोळवून पिकदाणींत टाकावयाचा. धंद्यानें पारख करणारे तो गिळीत नाहींत, कारण पांचसहा पेले पोटांत गेल्यावर पारख उरत नाहीं. (ही थुंकण्याची गोष्ट आमच्या घरांतील वडील मंडळींस प्रथम खरीच वाटेना.) तांबडी वाईन घरच्या हवेइतक्या उबेची असावी, असा युरोपांतील पाठ आहे, पण ती हवा १६ ते १८ अंशांची. जालन्यास वैशाखांत पारा चाळिशीपलीकडे गेला असतां त्या पाठाचा काय उपयोग? येथें तांबड्या बाटलीसहि थोडा वेळ फ्रिजमध्यें ठेवावें लागतें.

आम्हांस खरें स्वारस्य वाटलें तें शब्दांचें. सांगणारे बहुधा इंग्रजींत बोलतात व त्यांचीं उपमानें परक्या बागेंतलीं असतात. सोव्हिन्यों ब्लां नांवाच्या फिकट वाईनला ते गूजबेरीचा वास सांगतात. जालन्याच्या मुलानें ती गूजबेरी कोठें पाहिली? त्यानें कच्चा पेरू म्हणावें, ढोबळी मिरची म्हणावें. तें अधिक खरें ठरेल. टॅनिन म्हणून ज्याचा बाऊ करतात, तो आपल्या षड्रसांतला कषाय. जांभूळ खाल्लेल्यास तो शिकवावा लागत नाहीं. शिराझ वाईनला मिऱ्यांचा वास येतो म्हणतात, ती मात्र निव्वळ कविकल्पना नव्हे. मिऱ्यांत आणि त्या द्राक्षांत रोटंडोन नांवाचें एकच द्रव्य असतें, हें ऑस्ट्रेलियांतील संशोधकांनीं २००८ सालीं दाखवून दिलें. आणि सुमारें पांचांतल्या एका माणसास तो वास मुळींच येत नाहीं, असेंहि त्यांस आढळलें. तेव्हां सारे जण ‘मिरें, मिरें’ म्हणत असतां ज्यास तें जाणवलें नाहीं, त्यानें उगाच मान डोलावूं नये.

प्रदेशावरून वाईन ओळखण्याची रीत फ्रेंचांची समजतात. परंतु कौटिल्यानें द्राक्षरसाच्या मद्यास ‘मधु’ म्हणून त्याचे कापिशायन व हारहूरक हे प्रकार देशावरूनच सांगितले आहेत. कापिशी म्हणजे अफगाणिस्तानांतील आजचें बेग्राम. तें नांव सिद्ध करण्यास पाणिनीनें वेगळें सूत्र रचलें आहे. मात्र कौटिल्याच्या त्याच प्रकरणांत मद्यावर देखरेख करणारा सुराध्यक्षहि आहे, हें अर्धवट वाचणारे विसरतात.

आमचा पुतण्या पुण्याच्या कचेरीचें काम घरूनच करतो. सहकाऱ्यांनीं अशी बैठक ठरविली तेव्हां त्यानें रीतसर परवानगी मागितली. थोरल्या आक्कांनीं एका वाक्यांत निकाल दिला: ‘स्मृतींत सुरापान महापातकांत मोजलें आहे, दिवेलागणीस तें ह्या घरांत नको.’ पुतण्या म्हणाला, ‘आक्का, बाहेर लपून पिणारे थोडे का आहेत? मी तर तुम्हांला विचारून चाखतों आहें.’ दोघांच्याहि बोलण्यांत तथ्य होतें. बुद्धिमान विद्यार्थ्याचा संसार बाटलीपायीं धुळीस मिळालेला आम्हीं पाहिला आहे, आणि आरंभ तोहि चाखण्यानेंच झाला होता. ज्या कुटुंबांत कोणास व्यसनाची बाधा झाली असेल, तेथें ही करमणूक एकदांहि आणूं नये. आमच्याकडे शेवटीं असें ठरलें: बैठक माडीवर, पेले निराळे, मुलें खालीं, आणि उरलेली बाटली त्याच रात्रीं मोरींत ओतावयाची. आक्का त्या रात्रीं जेवल्या नाहींत, हेंहि नमूद केलें पाहिजे.

आमच्या जिल्ह्यांत द्राक्षें आहेत, पण तीं खाण्याचीं. कडवंची गांवीं १९९६ पासून पाणलोटाचें काम झालें, पुढें शेततळीं झालीं, आणि कोरडवाहू शिवारांत बागा उभ्या राहिल्या. वाईनचें द्राक्ष लहान मण्याचें, जाड सालीचें व बियांचें असतें. तांबड्या वाईनचा रंग सालींतून येतो आणि तुरटपणा साल व बी यांतून.

पुतण्याचें टिपण वाचतांना आमच्या मनांत आलें कीं, ही रीत वाईनपुरतीच कां असावी? जालन्याच्या मोसंबीस २०१६ सालीं भौगोलिक चिन्हांकन मिळालें. पण तिचें वर्णन विचारलें तर आपण सारे ‘गोड’ म्हणून थांबतों. म्हणून आंबे बहाराचीं फळें निघालीं तेव्हां तीन बागांच्या मोसंब्या आणून घरांतील सर्वांस डोळे मिटून चाखावयास दिल्या. आधीं सालीचा वास, मग आंबटपणा, मग घशाशीं मागें राहणारा किंचित् कडवटपणा. प्रत्येकानें आपापलें टिपावयाचें. या बैठकीस आक्का आल्या. तिसरी फोड तोंडांत टाकून त्या म्हणाल्या, ‘हिला पाणी फार झालें आहे.’ बागवानाकडे चौकशी केली तेव्हां कळलें कीं, भाद्रपदांत त्या बागेंत आठ दिवस पाणी तुंबलें होतें.