मानवी आकृती : कलेत आणि श्रद्धेत

प्राचीन काळापासून मानवी आकृती हा चित्रकलेचा एक प्रमुख विषय राहिला आहे. ख्रिस्ती श्रद्धेत या आकृतीस विशेष अर्थ आहे. उत्पत्तीच्या पुस्तकानुसार परमेश्वराने मनुष्यास आपल्या प्रतिरूपात निर्मिले आणि पुढे त्याच्या पुत्राने मानवी देह धारण केला. ज्याने देह धारण केला त्याचे चित्र रेखाटता येते, या श्रद्धेच्या आधारे इ. स. ७८७ मध्ये दुसऱ्या नायसिया परिषदेने पवित्र प्रतिमांचे समर्थन केले. प्रतिमेस दिलेला मान रंगाला वा लाकडाला नसून जिची ती प्रतिमा त्या व्यक्तीस पोचतो, असे परिषदेने शिकविले.

मग त्या आकृतीचा चेहरा कोणाचा असावा? हा प्रश्न पुण्यात राहिलेल्या एका चित्रकाराने आयुष्यभर हाताळला. आंजेलो द फोन्सेका (१९०२-१९६७) हे गोव्याचे. मुंबईच्या सर जे. जे. कला विद्यालयात त्या काळी युरोपीय पद्धतीने शरीररेखाटन शिकवीत : अचूक प्रमाण आणि छायाप्रकाशाने आलेला उठाव. फोन्सेका तेथे रमले नाहीत. ते शांतिनिकेतनास गेले. अवनींद्रनाथ टागोर व नंदलाल बोस यांच्या परंपरेत आकृती वाहत्या रेषेतून साकारते. स्नायूंपेक्षा देहाची ठेवण, हातांची मुद्रा आणि नजर यांतून भाव प्रकटतो. पुढे पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहून त्यांनी साडी नेसलेली, भारतीय चेहऱ्याची पवित्र मरिया रंगविली. पोर्तुगीज अमलाखालील गोव्यात अनेकांना ही चित्रे रुचली नाहीत. युरोपीय चेहऱ्यासमोरच प्रार्थना करण्याची ज्यांना सवय होती, त्यांना ती परकी वाटली. तरीही फोन्सेका यांनी आपली वाट सोडली नाही.

१९६३ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेविषयीच्या संविधानात सांगितले की, ख्रिस्तसभेने कोणतीही एकच कलाशैली स्वतःची मानलेली नाही. श्रद्धेचा आदर राखणाऱ्या सर्व लोकांच्या कलेस तिच्यात स्थान आहे.

पिंपरी-चिंचवड व चाकणच्या औद्योगिक पट्ट्यातील कुटुंबांस ही शिकवण जवळची वाटावी. पोप पायस बारावे यांनी १९५५ साली १ मे हा दिवस कामगार संत योसेफाचा सण म्हणून नेमला. धर्मशिक्षणाच्या वर्गात एखाद्या बालकाने संत योसेफास कारखान्याचा गणवेश घालून आपल्या वडिलांचा चेहरा दिला, तर ते चित्र चुकले असे म्हणू नये. श्रमाने थकलेल्या देहातही परमेश्वराचे प्रतिरूप आहे, हे त्या बालकास उमगलेले असते.