ब्रेड भाजून भरलेली फी

चिपळूणहून घाट चढून शिकायला निघालेल्या मुलाच्या घरात पहिली चर्चा होते ती फीची. पुण्यातल्या औंध रस्त्यावरच्या स्पायसर कॉलेजने यावर मार्ग काढला तो कामाचा. सेव्हन्थ डे अ‍ॅडव्हेंटिस्ट या ख्रिस्ती पंथाच्या मिशनची ही संस्था १९१५ मध्ये कोइमतूरला सुरू झाली, बंगळूरमार्गे पुण्यात आली आणि २०१४ मध्ये विद्यापीठ झाली. डोके, हात आणि हृदय तिन्ही घडले तरच शिक्षण, ही या पंथाची धारणा. त्यामुळे वर्गाइतकेच महत्त्व बेकरीला. इथला गव्हाचा ब्राऊन ब्रेड आणि शेंगदाण्याचे लोणी पुणेकर आवर्जून नेत. त्या पिठात विद्यार्थ्यांचे हात असत आणि कामाचा मोबदला शिक्षणाच्या खर्चाला लागे. शुक्रवारी सूर्य मावळला की शनिवारच्या सूर्यास्तापर्यंत काम बंद, कारण तो या पंथाचा शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा पवित्र दिवस.

याच विचाराचे आपल्या मातीतले रूप कुंभार्ली घाटापलीकडे, साताऱ्यात दिसते. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९४७ मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज काढले आणि ‘कमवा आणि शिका’ हा तिथल्या शिक्षणाचा कणा केला. धर्मप्रसाराशी त्याचा संबंध नव्हता. गरिबाच्या पोराला मिंधेपणाशिवाय शिकता यावे, एवढीच तळमळ होती. मला हे सर्वांत मोलाचे वाटते.

आज अनेक महाविद्यालयांत याच नावाची योजना आहे. ग्रंथालय, प्रयोगशाळा, बाग, कार्यालय अशा ठिकाणी तासांवर काम मिळते. प्रवेश घेतानाच कार्यालयात चौकशी करा, संकोच नको.