जपणे वेगळे, मुरवणे वेगळे

माझ्या धर्मात दारू वर्ज्य. गझलेत मात्र ती पावलोपावली भेटते. माधव जूलियन यांनी मराठीत आणलेल्या उमर खय्यामच्या रुबाया वाचताना कुतूहल वाढले आणि मी वाइनची माहिती मिळवली. पहिला समज खोटा ठरला: जुनी तितकी चांगली, असे नसते. बहुतेक वाइन दोन-चार वर्षांत संपवण्यासाठीच बनते. नाशिकच्या सुला वाइनरीने २००० साली बाजारात आणलेली शेनिन ब्लां याच जातीची. ती ताजीच गोड लागते.

मुरतात त्या मोजक्या, बहुधा तांबड्या. द्राक्षाच्या सालीतून आणि बियांतून त्यांत टॅनिन उतरते. आपल्या जंगलातले कच्चे टेंभर चावले की जीभ आखडते ना? तोच हा तुरटपणा. वर्षे जातात तसे टॅनिनचे कण एकमेकांना चिकटतात, काही तळाशी बसतात आणि घोट मऊ होतो.

पारखी आधी पेला पांढऱ्या कागदावर तिरका धरतो. कड जांभळी असेल तर वाइन कोवळी, विटकरी असेल तर वय झालेली. मग वास घेतो, घोट तोंडात घोळवतो आणि थुंकतो. तुरट, आंबट आणि फळाची चव यांत कुणी वरचढ नसेल, तर वेळ झाली. फळाची चवच उरली नसेल, तर वेळ टळली.

मुरायला अंधार हवा आणि १२ ते १५ अंशांचा गारवा. पाहुण्याने दिलेली बाटली आपण शोकेसमध्ये वर्षानुवर्षे जपतो. यवतमाळच्या मे महिन्यात ती तिथे मुरत नाही, नासते.