गावात पाहण्यासारखं काय आहे? धुळे-जळगावच्या खुणा आणि रात्री



आजचा विषय ऐकून काहींना वाटलं असेल, जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाने हे प्रवासवर्णन कुठून काढलं? पण हा प्रश्न आमच्या घरातच उभा राहिला. आमच्या भाच्याचा मुलगा इंग्लंडमध्ये शिकतो. तो दोन वर्षांपूर्वी दिवाळीत जळगावला आला. पाहुणा आला की आपण जे करतो तेच आम्ही केलं. सकाळी गाडी काढली आणि अजिंठा दाखवून आणला. दुसऱ्या दिवशी पद्मालयाचा गणपती आणि कमळांचा तलाव. तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, "आजोबा, हे सगळं छान आहे. पण तुमचं गाव कुठंय?"

आम्ही चटकन म्हणालो, "गावात काय पाहण्यासारखं आहे?"

हे वाक्य आपण सगळेच म्हणतो. धुळ्याकडे अहिराणीत विचारतील, "आठे देखाले काय शे?" यात नम्रता थोडी आणि आळस फार आहे, असं आता आमचं मत झालं आहे. ते का, तेच आज सांगायचं आहे.

आधी दोन शब्द वेगळे करू. एक 'प्रेक्षणीय स्थळ' आणि दुसरा 'खूण'. प्रेक्षणीय स्थळ म्हणजे जिथे आपण मुद्दाम जातो, बघतो, परत येतो. खूण म्हणजे जिच्यावरून आपण पत्ता सांगतो. धुळ्यात पाचकंदील घ्या. नावात पाच कंदील आहेत, पण कंदील बघायला म्हणून तिथे कोणी जात नाही. रिक्षावाल्याला मात्र सगळे तेच नाव सांगतात. अजिंठा जगाचा आहे, पाचकंदील धुळ्याचा आहे. आपली गल्लत अशी होते की स्थळ नसेल तर गावात काहीच नाही, असं आपण धरून चालतो. खुणा वाचायला कोणी आपल्याला शिकवलेलं नसतं.

आता धुळ्याच्याच खुणा वाचून बघू. तिथले लोक पत्ता सांगताना 'गल्ली नंबर चार', 'गल्ली नंबर पाच' असं म्हणतात. आपल्याकडच्या जुन्या गावात गल्लीला आळीचं, पेठेचं, जातीचं, नाहीतर देवळाचं नाव असतं. मग इथे नंबर का? १८१८ साली खानदेश इंग्रजांच्या ताब्यात आला. कॅप्टन ब्रिग्ज या अधिकाऱ्याने धुळं हे मुख्य ठिकाण म्हणून निवडलं आणि जुन्या वस्तीच्या शेजारी सरळ, समांतर रस्त्यांचं नवं गाव आखून घेतलं. म्हणजे आपण ज्या गल्लीत भाजी घेतो ती गल्ली दोनशे वर्षांपूर्वीचा एक नकाशा आहे. तिकीट नाही, पाटी नाही, पण आहे.

त्याच गावात इतिहासाचार्य राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी वारले. गावोगाव हिंडून त्यांनी जमवलेले कागद सांभाळायला राजवाडे संशोधन मंडळ उभं राहिलं. समर्थ वाग्देवता मंदिरात रामदासी परंपरेची हस्तलिखितं आहेत. तिथे देव आहे तो वाणीचा.

आणि धुळ्याचा तुरुंग. १९३२ साली विनोबा तिथे कैदी होते. २१ फेब्रुवारी ते १९ जून, दर रविवारी एक, अशी गीतेच्या अठरा अध्यायांवर अठरा प्रवचनं त्यांनी दिली. समोर बसून साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. तीच पुढे 'गीता प्रवचने'. आज तुम्ही आमचं बोलणं लिहिलेल्या रूपात वाचता आहात. बोललेलं लिहून काढण्याच्या या कामाची केवढी मोठी परंपरा आपल्या शेजारी आहे बघा! तो तुरुंग आजही तुरुंगच आहे, आत जाता येत नाही. पण भिंतीबाहेर पाच मिनिटं उभं राहायला कोणाची परवानगी लागते?

धुळ्याहून जळगावला येताना थोडी वाट वाकडी केली तर अमळनेर लागतं. तिथलं तत्त्वज्ञान मंदिर १९१६ सालचं. साने गुरुजी काही काळ तिथे शिकले आणि मग अमळनेरच्याच शाळेत शिक्षक झाले. आमच्यासारख्यांना ते तीर्थच.

आता जळगाव. जुन्या गावात बहिणाबाईंचा चौधरी वाडा आहे. बहिणाबाई जवळच्या असोद्याच्या, १८८० चा जन्म. लग्न होऊन या घरात आल्या. अक्षरओळख नव्हती. दळताना, शेतात राबताना त्या गात, आणि मुलगा सोपानदेव आणि घरातली मंडळी ते टिपून ठेवत. १९५१ साली त्या गेल्या, पुढच्या वर्षी गाणी पुस्तकरूपाने आली. धुळ्याचा तुरुंग आणि जळगावचा वाडा शेजारी ठेवून बघा. दोन्हीकडे एक माणूस बोलतो आहे आणि दुसरा कान देऊन लिहून घेतो आहे. तो दुसरा नसता तर आज तिथे एक भिंत आणि एक ओसरी एवढंच उरलं असतं. आमच्या मते खूण तयार होते ती अशी. कोणीतरी लक्ष दिलेलं असतं.

आता रात्रीकडे वळू. हल्लीची मुलं विचारतात, "तुमच्याकडे नाइटलाइफ आहे का?" इंग्लंडच्या लहान गावात संध्याकाळी दुकानं मिटतात आणि माणसं पबमध्ये भेटतात. आपल्याकडे पब नाही म्हणून रात्र नाही, असं थोडंच आहे? नाइटलाइफ म्हणजे रात्री गाव एकमेकांना कुठे भेटतं, एवढाच प्रश्न.

खानदेशाला रात्र लागतेच. मे महिन्यात पारा पंचेचाळीसवर जातो. दुपारी रस्ता ओस पडतो. ऊन कललं की मेहरूण तलावाच्या काठी माणसं फिरायला निघतात, आणि खरेदी, गप्पा, खाणं सगळं अंधार पडल्यावर. हिवाळ्यात शेतावर भरिताची पार्टी. मोठी, हिरवट-पांढरी वांगी कपाशीच्या काड्यांच्या जाळावर भाजायची, हिरवी मिरची-लसणासोबत लाकडी भांड्यात ठेचायची, सोबत कळण्याची भाकरी. या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण त्याची खरी चव शेकोटीभोवतीच्या गप्पांत आहे.

कार्तिकी एकादशीला श्रीरामाचा रथ निघतो, १८७२ पासून. लाकडी चाकांखाली मोगरी लावून तो अवजड रथ जुन्या गल्ल्यांतून वळवतात. ते कसब बघण्यासारखं असतं. भिलपुऱ्यात लालशा बाबांच्या समाधीवर चादर चढते आणि रथ पुढे जातो. परतायला रात्र होते.

आणि श्रावणातली कानबाई. नागपंचमीनंतरच्या रविवारी घरोघर कानबाई बसते, रात्र जागवतात, बायका गाणी म्हणतात, फुगड्या घालतात. इथे एक कडू गोष्ट बोलली पाहिजे. त्या रात्री आमच्या घरातल्या बायका बाराला बाहेर असतात आणि कोणी काही विचारत नाही. एरवी रात्री नऊला मुलगी निघाली तर आम्हीच विचारतो, "आता कुठे?" म्हणजे गावाला रात्र आहे, पण ती सगळ्यांची नाही. गावात पाहण्यासारखं काय, असं विचारताना ते कोणाला पाहता येतं, हेही विचारलं पाहिजे.

आता कोणी म्हणेल, एवढं कळून उपयोग काय? उपयोग असा. गावात काहीच नाही असं गावकरीच म्हणत असतील, तर तिथला वाडा पडला, हस्तलिखितं वाळवीने खाल्ली, तलावात घाण गेली, तर जाब विचारणार कोण? आणि ज्या मुलांना आपण सांगितलं की इथे काही नाही, ती पुण्याला गेली की परत कशाला येतील?

तेव्हा एक काम करा. ऊन उतरल्यावर पायी निघा, एकच भाग घ्या. रोज उच्चारता त्या एका नावाचं कारण शोधा. तिथल्या एका वयस्क माणसाला विचारा, आणि ते सांगतील ते लिहून ठेवा. घरातल्या मुलीला सोबत न्या, आणि परत यायची वेळ तिला ठरवू द्या.

आमचा नातू चौथ्या दिवशी चौधरी वाड्यात गेला. तिथून आल्यावर त्याने विचारलं, "आजोबा, तुम्ही इथे शेवटचे कधी गेला होता?" आम्ही आठवू लागलो. बावीस वर्षं झाली होती.

आता तुमचे प्रश्न घेऊ.