वसमतची हळद, फॉक्सप्रो आणि ई-वे बिल

हिंगोली-वसमतची हळद ट्रकमध्ये झटपट चढते. अडकते ती कॉम्प्युटरपाशी! अडतीचा हिशेब अजून फॉक्सप्रो या जुन्या सॉफ्टवेअरवर असेल, तर हे वाचाच.

१ एप्रिल २०१८ पासून ५० हजारांहून जास्त किमतीचा माल परराज्यात पाठवताना ई-वे बिल लागतं. पोर्टलवर एकगठ्ठा बिलं भरायची तर जेसन (JSON) फाइल हवी. फॉक्सप्रोत ती बनवण्याची तयार सोय नाही. शिवाय मायक्रोसॉफ्टने त्याच्या शेवटच्या आवृत्तीचाही सपोर्ट जानेवारी २०१५ मध्येच थांबवला.

नेमकं कुठं अडतं?

🔸 शून्य गळतं: हळदीचा एचएसएन कोड ०९१०३०. रकाना अंकांचा असेल तर उरतं ९१०३०.
🔸 नावं बिघडतात: फॉक्सप्रोला युनिकोड कळत नाही. जुन्या मराठी फॉन्टमधलं गावाचं नाव बाहेर पडताना अगम्य खुणांसारखं दिसतं.
🔸 पत्ता एकाच ओळीत: गाव, तालुका, पिन सगळं एकत्र. ट्रान्सपोर्टच्या सिस्टीमला पिन वेगळा हवा.
🔸 ई-वे बिलाचा क्रमांक १२ अंकी: एक्सेलमध्ये उघडला की १.२३ई+११ असं काहीतरी दिसतं.

उपाय: फॉक्सप्रोच्या मूळ डेटा फाइलला (डीबीएफ) हात लावू नका. रोज रात्री सगळे प्रोग्राममधून बाहेर पडले की तिची कॉपी काढा. त्या कॉपीवरून एक मधलं टेबल तयार करा; त्यात कोड, पिन, क्रमांक मजकूर म्हणून ठेवा, जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये बदला आणि तिथूनच जेसन बनवा.

आणि हो, ही व्यवस्था बसवण्याचं काम हळदीचा हंगाम ओसरल्यावर काढा. आवक जोरात असताना प्रयोग नकोत!